आठ तासात लंडन? कागदावर होय
एका लेखात मुंबई-लंडन विमानाचं अंतर 7,200 किलोमीटर, भागिले वेग ताशी 900, म्हणजे आठ तास असं दिलंय, पण भावा विमान काय दोरी लावल्यागत सरळ जात नाय. 7,200 हे पृथ्वीच्या गोलाईवरनं मोजलेलं सगळ्यात जवळचं अंतर झालं. पोरगी तिकडं असते म्हणून मी दोनदा जाऊन आलोय, जाताना साडेनऊच्या वर लागले आणि येताना नऊच्या आत, कारण वर दहा-अकरा किलोमीटरवर जेट स्ट्रीम म्हणून पश्चिमेकडनं पूर्वेला जोराचा वारा असतोय, तो येताना पाठीत ढकलतो आणि जाताना छातीवर येतो, पंचगंगेत धारेविरुद्ध पोहलेल्याला हे सांगायला नको! त्यात एप्रिल 2025 पासनं पाकिस्ताननं आपल्या कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली, मग वळसा आलाच. शिवाय धावपट्टीला नंबर लागायची वाट, लंडनवर घिरट्या, ते पण तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं.

आमचं दुखणं वेगळंच हाय. कोल्हापूर-मुंबई रोडनं पावणेचारशेच्या आसपास, आणि खंबाटकी घाटात अडकलं की नऊ तास, म्हणजे लंडनएवढेच की. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं विमान मुंबईला तासाभरात पोचवतं, पण पुढच्या फ्लाईटशी वेळ जुळंल तर शपथ.