हरकत कुठे चालते, कुठे चालत नाही

शेजारचा बंगला पाडायला जेसीबी आला की कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासाभरात ठरतं, "आपण सगळे मिळून हरकत घेऊ." मग तीस सह्यांचं निवेदन राजीव गांधी भवनात, म्हणजे नाशिक महापालिकेच्या मुख्यालयात, जातं. त्यात सावली पडणार, हवा अडणार, गाड्या कुठे लावायच्या, कॉलनीचं स्वरूप बिघडणार असं सगळं असतं. पुढे काहीच होत नाही आणि लोक म्हणतात, सगळं मॅनेज आहे. काही ठिकाणी असेलही. पण बऱ्याचदा कारण साधं असतं. कायद्याने हरकतीला जागाच ठेवलेली नाही तिथे आपण हरकत घेतो, आणि जिथे महिनाभर दार उघडं होतं तिकडे कुणी फिरकलेलं नसतं.

एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ चा. कलम ४४ खाली मालक अर्ज करतो, कलम ४५ खाली महापालिका परवानगी देते किंवा नाकारते. साठ दिवसांत उत्तर आलं नाही आणि प्रस्ताव नियमांत बसत असेल तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. नाकारली तर कलम ४७ खाली अपील, तेही फक्त अर्जदाराला. या सगळ्यात शेजाऱ्याचं म्हणणं ऐकण्याची पायरी कुठेच नाही. निदान मोठ्या प्रकल्पांना तरी ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे, पण आज ती नाही. म्हणून एकट्या इमारतीच्या बाबतीत "आमचा विरोध आहे" या वाक्याची किंमत शून्य. किंमत आहे ती "मंजूर नकाशात असं आहे, जागेवर तसं आहे" या वाक्याला.

त्यासाठी मंजूर नकाशा लागतो. बांधकामाच्या जागेवर फलक लावणं बंधनकारक आहे. त्यावर मालक आणि आर्किटेक्टचं नाव, सर्व्हे नंबर, परवानगीचा क्रमांक व तारीख, मंजूर एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा) आणि नकाशा कुठे पाहायला मिळेल तो पत्ता असायला हवा. आपल्याकडे फलकावर स्विमिंग पूलचं चित्र असतं आणि परवानगीचा क्रमांक कोपऱ्यात, वाचता येईल न येईल एवढा. तरी त्याचा फोटो काढून ठेवा, पुढच्या प्रत्येक कागदावर तो लागतो. प्रकल्प महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात) नोंदलेला असेल तर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. त्यात "संपूर्ण माहिती द्या" लिहिलंत की अर्ज गेला. "परवानगी क्रमांक अमुक, मंजूर नकाशाची आणि प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत" एवढंच मागा. आणि आधी हद्द कुणाची ते बघा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक भूखंडांना परवानगी एमआयडीसी देते, देवळाली कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि शहराच्या हद्दीबाहेरच्या बऱ्याच गावांत एनएमआरडीए, म्हणजे नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण.

नकाशा हातात आला की घाबरू नका, त्याचे रंग ठरलेले असतात. लाल म्हणजे नवीन बांधकाम, पिवळ्या तिरक्या रेघा म्हणजे पाडायचा भाग, तुटक लाल रेघ म्हणजे ड्रेनेज. सगळ्यात आधी समोरच्या रस्त्याची रुंदी बघा, कारण किती बांधता येईल ते बरंचसं तिथेच ठरतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर वर काही मिळत नाही. रस्ता ९ मीटर झाला की प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा) ०.५ आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) ०.४ धरून २.० पर्यंत जाता येतं. म्हणजे ३०० चौरस मीटरच्या भूखंडावर साडेसात मीटरच्या कॉलनी रोडला ३३० चौरस मीटर, आणि रस्ता ९ चा दाखवला की ६००. वर निवासी इमारतीला जिना, बाल्कनी अशा पूरक भागांसाठी ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय वेगळा. तेव्हा टेप घेऊन रस्ता मोजा, कंपाउंड ते कंपाउंड. नकाशात ९ आणि जागेवर साडेसात असेल तर त्याचं कारण लेखी विचारा. खरी माहिती दडवून परवानगी घेतल्याचं सिद्ध झालं तर महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली आयुक्त ती रद्द करू शकतात.

दुसरं माप सामासिक अंतराचं, म्हणजे भिंतीपासून हद्दीपर्यंत सोडलेल्या जागेचं. ते पायाचे (फुटिंगचे) खड्डे पडतात तेव्हाच घ्या, फार तर जोत्यापर्यंत. चौथा स्लॅब पडल्यावर तक्रार केली की समोरून प्रशमनाचा, म्हणजे दंड भरून नियमित करण्याचा अर्ज येतो. नाशिककरांना कपाटाचं प्रकरण आठवत असेल. एफएसआयमध्ये न धरलेली कपाटाची जागा खोलीत घेतली गेली आणि कितीतरी इमारतींचे भोगवटा दाखले अडकले. त्याचा त्रास झाला फ्लॅट घेणाऱ्यांना. नदीकाठी, मग ती गोदावरी असो की नासर्डी किंवा वालदेवी, नकाशात पूररेषा शोधा. निळ्या रेषेच्या (२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) आत नवी इमारत नाही. निळ्या आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) रेषेच्या मध्ये असेल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर.

तक्रारीत मग एवढंच लिहा: परवानगी क्रमांक, मौजे, सर्व्हे नंबर, "पश्चिमेचं सामासिक अंतर मंजूर नकाशात ३ मीटर, जागेवर २.१० मीटर", तारखेसह फोटो, आणि एमआरटीपीच्या कलम ५४ खाली काम थांबवण्याची मागणी. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. हद्दीचा किंवा मालकीचा वाद यात घुसडू नका. तो नगररचना विभाग सोडवत नाही, त्याला भूमी अभिलेखची मोजणी आणि दिवाणी कोर्ट.

आता जिथे खरोखर ऐकून घ्यावंच लागतं ते बघू. शहराच्या विकास आराखड्यातलं आरक्षण (मैदान, शाळा अशा कामासाठी राखून ठेवलेली जागा) बदलायचं असेल तर कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ती वर्तमानपत्रात बारीक टाइपात येते: "मौजे अमुक, स.नं. तमुक, खेळाचे मैदान आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट". कॉलनीचं नाव त्यात नसतं, त्यामुळे ती आपल्याच मागच्या मैदानाची आहे हे कळतच नाही. म्हणून आराखड्याचा आपल्या भागापुरता नकाशा (भाग नकाशा) नगररचना विभागातून काढून मौजे, सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक ग्रुपवर पिन करून ठेवा. नवा आराखडा येतो तेव्हा कलम २६ खाली तीस दिवस आणि नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी. कॉलनी रोड रुंद करायचा असेल तर महापालिका अधिनियमाचं कलम २१०. त्यात रस्त्यावर नोटीस लावावी लागते आणि स्थायी समितीच्या बैठकीआधी किमान पूर्ण तीन दिवस हरकत नगरसचिवांच्या कार्यालयात पोचावी लागते. साडेसातचा रस्ता ९ चा होणं म्हणजे काय हे वर पाहिलंच, आणि तरी या नोटिशीकडे सहसा कुणी बघत नाही.

सुनावणीत दोनशे छापील हरकती एकच हरकत म्हणून निकालात निघतात. त्यापेक्षा पाच वेगळ्या द्या. एकाने मैदानाचा आजचा वापर मांडावा, एकाने जवळचं दुसरं मैदान किती अंतरावर आहे ते, एकाने पावसाचं पाणी कुठून वाहतं ते. प्रत्येकीत "प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी" हे वाक्य हवंच.

आणि एक तारीख आत्ताच लिहून ठेवा. नाशिकचा सध्याचा आराखडा २०१७ चा. एमआरटीपीच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत आरक्षणाची जागा ताब्यात आली नाही तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं, आणि त्याआधी नागरिकांची हरकत मागवण्याची गरजही नसते. २०१७ ला जी आरक्षणं पडली, त्यांची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. तेव्हा आपल्या मैदानाचा आरक्षण क्रमांक टाकून दर सहा महिन्यांनी दहा रुपयांचा एक अर्ज: "या आरक्षणाबाबत कलम १२७ ची नोटीस आली आहे का, कधी, आणि त्यावर काय कार्यवाही झाली?"