कोंबड्यांची जाळी, मुंगसाची मेजवानी

आज भरदुपारी पुन्हा तेच: खुराड्यात पिसांचा सडा, मानेचा चावा घेऊन टाकून दिलेल्या तीन कोंबड्या आणि वरच्या दांडीवर डोळे विस्फारून बसलेली एकटी तलंग. एक कोंबडी न्यावी, खावी, आमची हरकत होती कुठे (होती, पण ते असो). तिन्ही मारून तिथेच टाकण्यात कसली आली भूक? षट्कोनी छिद्रांची जी तार ‘कोंबड्यांची जाळी’ म्हणून आमच्या गळ्यात मारली जाते, ती कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच असते, शिकाऱ्याला अडवणे हे तिचे कामच नव्हे, हे विकणाऱ्याने आधी सांगायला नको होते का? मग अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी ठोकली, तर महाशय खालून माती उकरून आत शिरले. जाळी फूटभर जमिनीत गाडली, तर दाराखालची दोन बोटांची फट त्यांना सापडली. रात्र रात्र जागून राखण केली, तर मुंगूस दिवसा शिकार करतो, हे आम्हाला तीन कोंबड्या गेल्यावर कळले! आणि वर शेजारी विचारतात, “दार नीट लावले होते ना?” नाही हो, पाहुणे यायचे होते म्हणून मुद्दाम सताड उघडे ठेवले होते!