वर्षभर दुसरा कुत्रा आणू नये, हे कोणी ठरवले?

रस्त्यावरून उचलून आणलेला, औषधपाणी करून वाढवलेला कुत्रा घरात दहा-बारा वर्षे राहून गेला, की नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण दावे तेच असतात. कुत्रा घरावरचे संकट स्वतःच्या अंगावर घेऊन जातो, तेव्हा तो कशाने गेला हे उकरत बसू नये. इंजेक्शन देऊन त्याला निरोप देणे हा विश्वासघात आहे. वर्षश्राद्धाचा काळ उलटेपर्यंत दुसरा प्राणी आणल्यास पहिल्यावरचे प्रेम खोटे ठरते. घरातल्या इतर प्राण्यांची चिंता करू नये, कारण ते दोन दिवसांत विसरतात. आणि आणायचाच झाला तर पुन्हा भटका न आणता जातिवंत पिल्लू आणावे, कारण त्याचा स्वभाव ठरलेला असतो आणि त्याला आजार नसतात. मजकूर हळवा आहे आणि तो लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा, परंतु शोकात असलेले कुटुंब असे सल्ले तपासून न पाहता पाळते, म्हणून ते एकेक करून तपासले पाहिजेत.

संकट अंगावर घेण्याची समजूत जुनी आहे आणि तिच्यात कृतज्ञता आहे, हे मला मान्य आहे. अडचण आहे ती तिच्या जोडीने येणाऱ्या ‘कारण शोधू नका’ या सल्ल्यात. कुत्रा कशाने गेला यावर घरातल्या माणसांची आणि पुढे येणाऱ्या प्राण्याची सुरक्षितता अवलंबून असते. लेप्टोस्पायरोसिसने गेला असेल, तर त्याच्या लघवीतून तोच आजार माणसालाही होऊ शकतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून हा आजार पसरतो, हे तेथे राहणाऱ्यांना सांगायला नको. गोचीड तापाने गेला असेल, तर गोचिडी भिंतीच्या फटींत आणि दाराच्या चौकटीत रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतात आणि पुढच्या कुत्र्याची वाट पाहतात. निर्बीजीकरण न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांत अचानक गेली असेल, तर गर्भाशयात पू होण्याची शक्यता मोठी असते, आणि ते कळले म्हणजे पुढच्या मादीचे ऑपरेशन वेळेवर करून घेता येते. सर्वांत गंभीर बाब रेबीजची आहे. ज्या कुत्र्याने कोणाला चावा घेतला आणि जो त्यानंतर दहा दिवसांच्या आत मेला, त्याचे मरण हे संकट अंगावर घेणे नसून ती घरच्यांसाठी धोक्याची सूचना आहे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि लगेच लस घेणे, याला पर्याय नाही. लस आधीच सुरू झाली असल्यास कुत्रा मेल्याचे डॉक्टरांना सांगून ती पूर्ण करावी. अशा घराला ‘कारण शोधू नका’ असे सांगणाऱ्याने आपण काय सांगत आहोत याचा दोनदा विचार करावा.

इंजेक्शनच्या मुद्द्यावर अधिक थांबणे भाग आहे, कारण याच एका वाक्याने कित्येक घरांना वर्षानुवर्षे अपराधी वाटत राहते. मजकुरात आधारासाठी युधिष्ठिराची कथा दिलेली असते: त्याने आपल्याबरोबर चालत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार दिला, मग तुम्ही तुमच्या कुत्र्याला कसे सोडता? परंतु ती कथा आश्रयाला आलेल्याला स्वतःच्या लाभासाठी टाकून न देण्याची आहे. असाध्य वेदनेत तळमळणाऱ्याचे काय करावे, यावर ती काहीच सांगत नाही. उलट, शेवटच्या क्षणी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसणारा माणूस त्याला सोडून गेलेला नसतो.

‘नैसर्गिक मरण’ हा शब्द ऐकताना झोपेत शांतपणे थांबलेला श्वास डोळ्यांसमोर येतो. तसे मरण थोड्याच कुत्र्यांच्या वाट्याला येते. म्हातारपणी मूत्रपिंडे निकामी होत जातात, तेव्हा त्यांची बरीचशी क्षमता संपेपर्यंत बाहेर फारसे दिसत नाही. कुत्रा जास्त पाणी पितो आणि जास्त वेळा लघवी करतो, एवढेच जाणवते. त्यानंतर उलट्या, तोंडात फोड, अन्नावरची वासना जाणे आणि शेवटी झटके, अशा पायऱ्या येतात. सलाइनने काही दिवस, कधी काही आठवडे मिळतात, आणि ते चांगले जात असतील तर ते द्यावेतच. ते चांगले जात नसतील, तेव्हा निर्णयाची वेळ येते. दयामरणात बहुधा आधी गुंगीचे औषध दिले जाते, मग शिरेतून भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा जाते. प्राणी काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि काही मिनिटांत त्याचे हृदय थांबते. त्यानंतर डोळे उघडेच राहतात, एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते, लघवी होते. हे आधी सांगितलेले नसेल तर घरचे हादरतात आणि त्याला त्रास झाला असे समजून बसतात, म्हणून डॉक्टरांना हे सर्व आधीच विचारून ठेवणे बरे. काही डॉक्टर हे करत नाहीत, आणि तो त्यांचा अधिकार आहे. परंतु मध्यरात्री धावाधाव होण्यापूर्वी ते माहीत असावे.

हा मार्ग बेकायदा आहे, असेही मजकुराच्या काही आवृत्त्यांत म्हटलेले असते. निरोगी भटका कुत्रा मारण्याला कायद्याने मनाई आहे, ही गोष्ट खरी. परंतु भटक्या कुत्र्यांसाठीच्याच प्राणी जन्म नियंत्रण नियमांत, आधी २००१ च्या आणि आता त्यांची जागा घेतलेल्या २०२३ च्या, असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्याला पात्र पशुवैद्याने वेदनारहित मरण द्यावे अशी तरतूद आहे, आणि ते दुसऱ्या कुत्र्यासमोर देऊ नये असेही स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे रस्त्यावरच्या बेवारस कुत्र्यालाही जी दया कायद्याने देऊ केली आहे, ती घरच्या कुत्र्याला देणे हा विश्वासघात कसा ठरतो?

येथे उलट बाजूचा गैरसमजही खोडला पाहिजे. दयामरण ही सोय नव्हे. तीन पायांचा कुत्रा, आंधळा कुत्रा, मागचे पाय गेल्यावर चाकांच्या गाडीवर फिरणारा कुत्रा ही मरणाची कारणे नाहीत. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यांपैकी अनेकांनी आयुष्याची सुरुवातच अपघाताने केलेली असते आणि पुढे ते मजेत जगतात. निर्णय भावनेच्या भरात होऊ नये म्हणून प्राण्यांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये एक साधी मोजपट्टी सुचवली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे; दहा म्हणजे स्थिती उत्तम. सत्तरपैकी पस्तीसच्या वर गुण असतील तर काळजी चालू ठेवणे योग्य मानले जाते. वेदनेच्या गुणांत श्वास घेण्याचा त्रासही धरलेला आहे, हे विशेष, कारण ते घरच्यांच्या लक्षात येत नाही. ही मोजपट्टी निर्णय देत नाही. परंतु घरातल्या चौघांनी वेगवेगळे गुण दिले तर कोण काय पाहत आहे आणि कोण काय टाळत आहे, हे कळते.

आता वर्षभराच्या नियमाकडे वळू. आपल्याकडील कोणत्याही परंपरेत पाळीव प्राण्यासाठी वर्षभर उंबरठा बंद ठेवण्याची रीत माझ्या पाहण्यात नाही. शेतावरच्या आणि वाड्यांतल्या घरांत उलट रीत होती: म्हातारा मोती गेला की वाडीतल्याच एखाद्या कुत्रीचे पिल्लू येई, आणि त्याचे नावही मोतीच ठेवले जाई. पहिल्या मोतीचा त्यामुळे अवमान झाला असे कोणाला वाटले नाही, आणि त्याच्या आठवणी दुसऱ्या मोतीच्या नावावर कधी जमा झाल्या नाहीत. तेच नाव पुन्हा ठेवणे मला स्वतःला जमणार नाही, पण ते माझ्यापुरते आहे.

थांबण्याची खरी कारणे असतात, फक्त ती प्रेमाच्या खरेपणाशी संबंधित नसतात. घरातला कुत्रा पार्व्होने, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या संसर्गाने, गेला असेल, तर त्याचा विषाणू सावलीतल्या मातीत आणि फरशीच्या सांध्यांत महिनोन्महिने, कधी वर्षभरही टिकतो. नेहमीच्या साबणाने किंवा स्पिरिटने तो मरत नाही. सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच एकास तीस प्रमाणात पाण्यात मिसळून, आधी स्वच्छ धुतलेल्या जागेवर दहा मिनिटे राहू द्यावे लागते, आणि मातीच्या अंगणात तेही पुरेसे ठरत नाही. अशा घरात लस पूर्ण न झालेले पिल्लू आणणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात ठेवणे आहे. पिल्लाची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि ते सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. त्याच घरात लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने आणता येतो. याउलट डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू शरीराबाहेर फार काळ टिकत नाही, आणि कुत्रा मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजाराने गेला असेल तर संसर्गाचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे कोठे वर्षभर थांबावे लागेल, कोठे आठवडाही थांबण्याची गरज नाही, आणि हे आजाराच्या नावाने ठरते. पहिल्याच मुद्द्यात कारण शोधू नका म्हणणारा मजकूर येथे स्वतःच्याच सल्ल्यात अडकतो.

इतर प्राणी दोन दिवसांत विसरतात, हा दावा थोडक्यात निकालात निघतो. इटलीत ४२६ श्वानपालकांना प्रश्न विचारून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सोबतचा कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्क्यांच्या वागण्यात बदल झाल्याचे पालकांनी सांगितले: जास्त लगट, कमी खेळ, कमी खाणे, जास्त झोप. ही माणसांनी केलेली निरीक्षणे आहेत, त्यामुळे पालकाचे दुःख त्यांत मिसळलेले असणार, हे गृहीत धरूनही बदल होतो एवढे नाकारता येत नाही. घरात मांजर असेल तर अधिक सावध राहावे, कारण दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजरीच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकते. तिला ‘विसरेल’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे न्यावे. मागे राहिलेला कुत्रा म्हातारा आणि सांधे दुखणारा असेल, तर त्याच्या एकटेपणावर उपाय म्हणून अंगावर उड्या मारणारे पिल्लू आणणे ही त्याला दिलेली शिक्षा ठरते. त्याच्याच वयाचा, शांत स्वभावाचा सोबती पाहावा. दोघांची पहिली भेट घरात न करता बाहेरच्या रस्त्यावर, पट्टे बांधून, शेजारी-शेजारी चालत करावी, आणि पुढचे काही आठवडे जेवणाची भांडी वेगळ्या जागी ठेवावीत.

शेवटचा दावा जातिवंत पिल्लाचा. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीने स्पष्ट झाले. लॅब्राडॉर हमखास प्रेमळ आणि गावठी हमखास चावरा, या समजुतीला त्यात आधार नाही. आजारांविषयी तर बाजू उलटी आहे: चपट्या नाकाच्या पग जातीच्या कुत्र्याला श्वास घेताना जन्मभर कष्ट पडतात, जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात बर्फाळ प्रदेशातला हस्की बाळगणे हा त्या प्राण्यावरचा अन्याय आहे. भटक्या कुत्र्याला गोचिडी, जंत, खरूज असतात, हे खरे. त्यांवर उपचार आहेत आणि ते महागही नाहीत. तरीही कोणाला विकतचेच पिल्लू घ्यायचे असेल, तर २०१७ च्या नियमांनुसार विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, एवढे तरी तपासून घ्यावे. डोळे जेमतेम उघडलेले पिल्लू गाडीच्या डिकीतून आणून देणारा माणूस पार्व्होही सोबत आणून देत असतो.

राहता राहिले ते वाचक, ज्यांना दुसरा कुत्रा नकोच आहे. त्यांनाही या मजकुराच्या विरोधातला दुसरा मजकूर, ‘लगेच नवा आणा, दुःख हलके होते’ हा, गळी उतरवून घेण्याचे कारण नाही. विशेषतः साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना, आपल्यामागे या प्राण्याचे कोण करील, हा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. अनेक शहरांतील प्राणी संस्था ऑपरेशन झालेल्या किंवा घर शोधत असलेल्या कुत्र्यांना काही आठवडे सांभाळणारी माणसे शोधत असतात. औषध आणि खाणे बऱ्याचदा संस्थाच पुरवते. निवाऱ्यात वर्षानुवर्षे पडून असलेला सात-आठ वर्षांचा कुत्रा दत्तक घेणे हाही एक पर्याय आहे. पिल्लांसाठी विचारणारे अनेक असतात, आणि या वयाच्या कुत्र्याला बघायलाही सहसा कोणी येत नाही.