गोदावरीत फेज आहेत म्हणून पाणी प्यायचं?

सिंहस्थाची चर्चा सुरू झाली आणि कॉलनीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आला, की गोदावरीत जंतू खाणारे बॅक्टेरियोफेज नावाचे व्हायरस आहेत, इंग्रज शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय, त्यामुळे गटारं मिसळली तरी काही होत नाही, रामकुंडाचं तीर्थ बिनधास्त प्या, मैलापाणी तपासण्यावर खर्च कशाला. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय, एम.एस्सी.ला फेजच शोधलेत, त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

तो शास्त्रज्ञ म्हणजे हॅनकिन. 1896 ला त्याने लिहिलं ते गंगा-यमुनेच्या पाण्याबद्दल आणि कॉलऱ्याच्या जंतूबद्दल, त्यात गोदावरी कुठेच नाही.

आता मुख्य मुद्दा. फेज एकटा वाढूच शकत नाही, त्याला जंतूच्या आत शिरावं लागतं, म्हणजे जिथे जंतू जास्त तिथे फेज जास्त. आम्ही नासर्डी नदीकडेच्या नाल्यातनं बाटली भरून आणायचो, पातळ चहासारखं पाणी, वास तर विचारूच नका, ते बारीक फिल्टरमधनं गाळलं की जंतू वर अडकतात आणि फेज खाली उतरतात, मग ते ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूसोबत प्लेटवर ओतून रात्रभर 37 डिग्रीला ठेवायचं, आणि सकाळी जंतूंच्या दुधट थरात फेजने जंतू मारलेले मोहरीएवढे स्वच्छ ठिपके दिसले की कोण आनंद व्हायचा! पण हे ठिपके नदीच्या पाण्यातनं भरपूर निघाले तर पाणी शुद्ध आहे असं नाही, त्यात विष्ठा मिसळलीये असं समजायचं. पाणी तपासणारे याच खुणेसाठी ते मोजतात.

शिवाय एक फेज सगळे जंतू मारत नाही, बहुतेक वेळा एकाच जातीतले काही प्रकार मारतो. आणि काविळीचे हेपॅटायटिस ए, ई तर व्हायरसच, त्यांना फेज हातही लावत नाही.

फेजने पेशंट वाचलेत हे मात्र खरंय. 2016 ला अमेरिकेत टॉम पॅटरसनवर अँटिबायोटिक चालेनात तेव्हा मैलापाण्यातनं मिळवलेले फेजही वापरले, पण त्याच्याच जंतूवर चालतात का बघून, शुद्ध करून, शिरेतनं. कोणी ओंजळीने नाही पाजले.

आणि तपासणीचा खर्च? पोलिओ झालेल्या बहुतेक मुलांना लकवा होतच नाही, व्हायरस मात्र शौचातनं पडत राहतो, म्हणून मुंबईत 2001 पासून गटाराचं पाणी तपासतात. नाशकात लाखो लोक येणार असताना तर हे हवंच हवं.

मेसेज पाठवणाऱ्या मावशीला फोन केला, म्हटलं तीर्थाची बाटली देव्हाऱ्यात ठेव, नमस्कार कर, पण बाळाच्या तोंडात चमचाभरही घालू नकोस.