किरुनाचं चर्च हललं, रेनडिअरची वाट कशी हलवणार?

स्वीडनच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, किरुना नावाचं गाव आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथलं १९१२ सालचं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं उचलून पाच किलोमीटरवर नेऊन ठेवलं. वजन ६७२ टन! त्यासाठी ९ मीटरचा रस्ता २४ मीटर रुंद केला. आपल्याकडेही ते व्हिडिओ भरपूर फिरले आणि लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. कौतुक मीही करते. खाणीमुळे उठावं लागलेल्या गावाची इतकी काळजी फार थोड्या ठिकाणी घेतली जाते.

पण हे सगळं का करावं लागलं, तेही बघा. युरोपियन युनियनमधलं बहुतेक लोहखनिज स्वीडनमधून निघतं आणि त्यातला सिंहाचा वाटा एलकेएबी या सरकारी कंपनीचा. किरुनातला खनिजाचा पट्टा सुमारे चार किलोमीटर लांब आहे आणि तिरपा होत थेट गावाखाली उतरतो. रोज मध्यरात्रीनंतर खाली सुरुंग उडतात, वर घरं हादरतात. जमीन खचत चालली म्हणून गावच तीन किलोमीटर पूर्वेला हलवायला घेतलं. खर्च मुख्यतः कंपनीचा.

आणि सामी लोक, म्हणजे या भागातले रेनडिअर पाळणारे आदिवासी? त्यांचे रेनडिअर उन्हाळ्यात पश्चिमेच्या डोंगरात असतात. हिवाळ्यात ते पूर्वेच्या जंगलात उतरतात आणि बर्फ उकरून खालचं दगडफुलाच्या जातीचं लायकेन खातात. आपल्या धनगरांची वाट ठरलेली असते, तशीच यांचीही. गाब्ना या सामी पशुपालक समूहाच्या वाटा खाण आणि गाव यांनी आधीच आक्रसल्यात. त्यात २०२३ मध्ये शेजारीच ‘पेर गेइयर’ साठ्यात दहा लाख टनांहून जास्त दुर्मीळ मृदा धातूंची ऑक्साइडं असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. तिथे खाण झाली तर उरलेली वाटही तुटेल, असं गाब्नाचे लोक सांगतायत.

विजेच्या गाड्यांना, पवनचक्क्यांना हे धातू लागतात, चीनवरचं अवलंबित्व कमी करायचंय, हे सगळं मान्य. पण घराला भरपाई देता येते, चर्च चाकांवर चढवता येतं. कळपाच्या वाटेला पर्यायी प्लॉट कुठून देणार? त्या चर्चचा आकारसुद्धा सामींच्या झोपडीवरून घेतलाय हो!

आदिवासींच्या हक्कांचा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १६९ क्रमांकाचा करार शेजारच्या नॉर्वेनं १९९० मध्येच मंजूर केला. स्वीडननं अजून केलेला नाही. माझं स्पष्ट मत आहे, पेर गेइयरला परवाना देण्याचा विचार करण्याआधी त्यांनी तो मंजूर करावा आणि गाब्नाच्या लोकांना नाही म्हणायचा हक्क द्यावा.