ग्रीसची छोटी क्रूझ: बेटं नको, तास मोजा

'एका दिवसात तीन बेटं' असं पॅकेजवर दिसलं की आधी हिशोब करा. वीस-पंचवीस केबिनचं छोटं जहाज ताशी साधारण 10 सागरी मैल जातं. मिकोनोस ते सँटोरिनी साठ-पासष्ट मैल, म्हणजे सहा तास पाण्यातच गेले. मिकोनोसहून डेलोस, म्हणजे प्राचीन अवशेषांचं बेट, मात्र अर्ध्या तासावर. माझं स्पष्ट मत: एका दिवसात मिकोनोस आणि डेलोस ही दोनच बेटं घ्या, आणि डेलोस सकाळीच.

डेलोसवर सावली जवळपास नाहीच. टोपी आणि माणशी दीड लिटर पाणी जहाजावरूनच न्या. किन्थोस टेकडी जेमतेम 112 मीटरची, पण पायऱ्या खडबडीत. स्लिपर घालून चढू नका. ओळीने बसलेले सिंहांचे प्राचीन पुतळे दिसतात त्या प्रतिकृती आहेत, मूळचे म्युझियममध्ये. तीन तास तरी हवेतच. रात्री राहायला परवानगी नाही.

डेलोस सकाळीच करायचं खरं कारण मेल्टेमी, जुलै-ऑगस्टमधला उत्तरेचा कोरडा वारा. आभाळ निरभ्र असतं, म्हणून माणूस फसतो. दुपारी तो जोर धरतो, आणि फार वाढला की छोट्या जहाजांना बंदर सोडू देत नाहीत. कॅप्टनने मार्ग बदलला तर हुज्जत घालू नका. (पैसे परत मागणारे असतातच. करारात मार्गबदलाचं कलम असतं, ते आधी वाचावं.) बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या आणि खालच्या डेकची मधली केबिन मागा, तिथे हेलकावे कमी.

मिकोनोसच काय, कुठल्याही छोट्या बंदरात शिरताना डेकवर थांबा. पुढे नांगर टाकून, साखळी सोडत जहाज उलटं मागे येतं, पाठ धक्क्याला लावतं, दोर बांधले जातात आणि मग उतरायची फळी पडते. आडवा वारा असला की आपली साखळी शेजाऱ्याच्या साखळीवर पडते आणि निघताना गुंता सोडवण्यात वेळ जातो. म्हणून सांगितलेल्या वेळेला परत या.

पोहायला थांबतात ते आडोशाच्या खाडीत, मागच्या शिडीवरून. खडकांवर सी-अर्चिन, म्हणजे काटेरी समुद्री जीव असतात, रबरी बूट घाला.

2025 पासून मिकोनोस आणि सँटोरिनीला जून ते सप्टेंबर क्रूझ प्रवाशामागे 20 युरो शुल्क आहे. पॅकेजमध्ये धरलंय का, विचारा. आणि मार्गात तुर्कस्तानचं कुशादासी असेल, तर ग्रीसमध्ये परत शिरायला मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा लागतो. भारतातून अर्ज करतानाच तो मागा.