तारखेवर अंगठा

रात्रीचे साडेअकरा झालेत. सोसायटीच्या मीटिंगमधून येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाही, म्हणून लिहायला बसले. पोस्ट मोठी होणार आहे. वाचा.

विषय खरं तर पाच मिनिटांचा होता. आमच्या बी विंगमधल्या आजींचा फ्लॅट रिकामा आहे आणि त्यांना तीन मुलगे भाड्याने ठेवायचे होते. तिघंही एसी दुरुस्तीच्या कामाला जातात, तिघांनाही पगार आहे. दोघांबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. तिसऱ्याच्या पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' या रकान्यात एका बालगृहाचा पत्ता होता. झालं. तो कागद एकेकाच्या हातातून फिरला. "म्हणजे रिमांड होमचा का?" "आईवडील कोण?" "उद्या काही झालं तर जाऊन विचारायचं कुणाला?" आणि मग ते ठरलेलं वाक्य, "आमच्या घरात वयात आलेल्या मुली आहेत हो ताई."

माझ्या घरातही आहे. सोळा वर्षांची.

मुलगा एकोणीस वर्षांचा. तिथेच दारापाशी चपला काढून उभा होता. सगळं ऐकत होता. दोघांना परवानगी, तिसऱ्याला नाही, असा निर्णय झाला. मग चहा आला. चहा त्यालाही दिला. तो त्याने घेतला, आणि कप स्वतः विसळून ठेवला.

आता मला तुम्हाला संतोषबद्दल सांगायचंय. नाव बदललेलं आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत शनिवारी दहावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवायला जायचे. संस्था म्हणजे बालगृह. तिथली मुलं 'बालगृह' म्हणत नाहीत, 'संस्था' म्हणतात, आणि तिथून जाण्याला 'बाहेर पडणं'. संतोष तिथे पाचव्या वर्षी आला. आई कुठेतरी मनोरुग्णालयात, वडिलांचा पत्ता नाही. जन्मतारीख माहीत नव्हती म्हणून शाळेत घालताना आपल्याकडे घालतात तीच घातली, १ जून. तिथल्या कित्येक मुलांचा वाढदिवस १ जूनच. म्हणजे ज्या तारखेला तो जन्मलाच नाही त्या तारखेला २०१९ साली तो अठरा वर्षांचा झाला, कागदावर सज्ञान झाला, आणि बाहेर पडला.

निरोप समारंभ झाला. एक सॅक, दोन शर्ट, एक पेढ्याचा बॉक्स. मी एक चांगलं पेन आणि पाकिटात पाचशे रुपये दिले. भाषणही केलं मी. आता आकाश मोकळं आहे, असलं काहीतरी. फोटो निघाले. संतोष माझ्या शेजारी उभा आहे त्यात, नव्या शर्टाच्या कॉलरमधला पुठ्ठा अजून काढलेला नाही. तो पुण्याला कामाला जाणार होता. कुठे राहणार, हे मी विचारलं नाही. तिथे असलेल्या एकानेही विचारलं नाही. शिकली-सवरलेली वीस माणसं होतो आम्ही.

डिसेंबरात मी रात्रीच्या गाडीने सोलापूरहून आले. पहाटे पाचच्या सुमारास स्वारगेटला उतरले तर समोर संतोष. केस ओले करून विंचरलेले, शर्ट खोचलेला, पाठीवर तीच सॅक. मला इतका आनंद झाला! "कुठे रे निघालास इतक्या सकाळी?" तर म्हणाला, "साताऱ्याला, ताई." आणि मी काही विचारायच्या आत खिशातून तिकीट काढून दाखवलं. साताऱ्याच्या विनावाहक गाडीचं, खिडकीवर मिळतं ते. मी म्हटलं, वा, जपून जा. चहाला शंभर रुपये दिले आणि रिक्षा करून घरी आले. घरी कौतुकाने सांगितलं, आपला संतोष भेटला होता, मार्गी लागलाय पोरगा.

साताऱ्यात त्याचं कुणीही नव्हतं. तो स्टँडवर झोपत होता. हे मला कळलं २०२२ च्या एप्रिलमध्ये, तोच आमच्या शेजारच्यांचा एसी दुरुस्त करायला आला तेव्हा. जेवायला बसवलं आणि सहज विचारलं, त्या दिवशी साताऱ्याला कुणाकडे गेला होतास रे? तर लाजल्यासारखं हसला. म्हणाला, "ते तिकीट जुनं होतं ताई. एकदाच काढलेलं. रात्री कुणी हटकलं की दाखवायचो, तारखेवर अंगठा ठेवून."

तारखेवर अंगठा ठेवून. माझ्यासमोरही त्याने तसाच धरला होता. मी अंगठा बघितला आणि तारीख नाही बघितली.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणार, सरकारने काहीतरी करायला हवं. अहो, सरकारने कागदावर केलंय! २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४६ याच मुलांसाठी आहे. अठरा पूर्ण होऊन संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला पैशाची आणि इतर मदत करायची, एकवीस वर्षांचा होईपर्यंत. अगदी अडचण असेल तर नियमांत तेवीसपर्यंतही सोय आहे. आपल्याकडे त्यासाठी 'अनुरक्षण गृह', म्हणजे अठरानंतर राहायचं ठिकाण, असा शब्दसुद्धा आहे. किती जणांनी ऐकलाय? मी दोन वर्षं त्या संस्थेत जात होते, मला माहीत नव्हता. मुलाला बाहेर सोडायच्या आधी त्याचा पुढचा आराखडा करायचा असतो, तो कुठे राहील, काय शिकेल, कागद कोणते लागतील. संतोषला विचारलं, तुझा असा काही कागद केला होता का? म्हणाला, सह्या घेतल्या होत्या बऱ्याच.

२०२२ पासून मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या मुलांसाठीच्या योजनेत अशा मुलांना महिना चार हजार रुपये धरलेत. आज मीटिंगच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला मी विचारलं, तुला मिळतात का? त्याला एवढंच ठाऊक होतं की 'प्रस्ताव गेलाय'. बाहेर पडून त्याला नऊ महिने झाले.

आणि समजा मिळाले चार हजार. पुण्यात कॉट बेसिसवर एक कॉट आणि डबा यातच ते संपतात. त्यातही कॉट मिळण्याआधी काय लागतं? डिपॉझिट. आधार कार्ड, ज्यावर पत्ता संस्थेचा. आणि पालकांचा मोबाइल नंबर. संतोषने दोन ठिकाणी पालक म्हणून केटररचा नंबर दिला, ज्याच्याकडे तो लग्नात वाढपी म्हणून जायचा. एका घरमालकाने फोन लावून खात्री केली आणि त्याच रात्री त्याला सॅकसकट बाहेर काढलं, खोटं बोललास म्हणून. खोटं बोलला, कबूल. खरं बोलून खोली मिळाली असती का? आज रात्री मी खरं बोलण्याचा निकाल बघून आलेय.

मग लॉकडाउन आला. लग्नं बंद, वाढप बंद, स्टँड बंद. सगळा देश म्हणत होता घरात राहा. संतोष त्या केटररच्या गोडाऊनमध्ये राहिला, पातेल्यांच्या रांगेत, दोन महिने, भात आणि लोणच्यावर. भात तरी येतो का करता, मी विचारलं. म्हणाला, "संस्थेत सत्तर जणांचा व्हायचा ताई, तो माहीत होता. एकट्याला किती पाणी घालायचं ते कळेना." पहिले कित्येक दिवस त्याने भाताची पेजच प्यायली. आणि आपल्या घरातली वीस वर्षांची पोरं? फोन करून विचारतात, आई, डाळीला शिट्ट्या किती. तो कुणाला विचारणार होता?

हे लिहिताना राग जरा ओसरतोय. मीटिंगमधले लोक वाईट नाहीत. ज्या काकांनी 'जाऊन विचारायचं कुणाला' म्हटलं, त्यांनी कोविडमध्ये आमच्या सासूबाईंसाठी रात्री दोन वाजता सिलिंडर आणून दिला होता. माणूस भला आहे. पण भल्या माणसाला एकोणीस वर्षांच्या पोराची भीती का वाटावी, हे मला कळत नाही. त्याच्या मागे कुणी नाही म्हणून भीती! ज्याच्या मागे कुणी नाही त्याला खरं तर आपली भीती वाटायला हवी.

संस्थांचंही म्हणणं आहे, ऐकून घ्यायला हवं. मोठी मुलं राहिली तर लहानांना जागा कुठून द्यायची, माणसं कमी, अनुदान उशिरा. आणि काही मुलं लावून दिलेलं काम सोडून पळतात, हेही खरं. माझाच भाचा तीन नोकऱ्या सोडून घरी बसला होता. त्याला ताट वाढलेलं मिळत होतं, एवढाच फरक.

अनाथांच्या माई सिंधुताई सपकाळांनी हे प्रश्न ऐकले नसतील का? त्यांच्याकडे तर पैसाही नव्हता, भाषणं करून पदर पसरून आणायच्या. पण अठरा झाले म्हणून माईंनी दार दाखवलं नाही. मुलं शिकली, कामाला लागली, लग्नं झाली, सुना-जावई आले, दिवाळीला माणसं येत राहिली. ४ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला. त्यांनी सांभाळली तसं एक पोर सांभाळायची आपल्यावर वेळ आली की आपण फॉर्मवरचा पत्ता वाचतो.

आणि ती अमृता करवंदे. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेली, अठरा झाल्यावर बाहेर पडून पुण्यात आली, पहिली रात्र पुणे स्टेशनवर काढली. तिने पुढे मुख्यमंत्र्यांपर्यंत जाऊन प्रश्न मांडला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रात अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आलं. किती मोठी गोष्ट केली त्या मुलीने! पण एक विचार मनातून जात नाही. तिने शिकून, लढून ते मिळवलं म्हणून आपल्याला तिची ती स्टेशनवरची रात्र कळली. जे नुसतेच झोपले, त्यांच्या रात्री कुणाला कळणार? आणि संतोषसारख्याला ते आरक्षणही नाही, कारण आई आहे ना. कुठे आहे, कशी आहे, ओळखेल का, काही नाही, पण कागदावर आहे.

मुलींचं तर बोलायलाच नको. मुलगी स्टँडवर राहूच शकत नाही. म्हणून अठरा पूर्ण झाले की तिच्यासाठी स्थळ बघायला सुरुवात होते. लग्न हाच तिचा निवारा. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, आज अंगात त्राण नाही.

एक सांगायचं राहिलं. आजचा मुलगा संतोषच्याच संस्थेतला. संतोष आता चोविशीच्या पुढे आहे, स्वतःची खोली आहे, पण ती दहा बाय दहाची आणि त्यात आधीच चौघं. संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांना तो फोन करतो, म्हणतो, स्टँडवर जाऊ नको, आधी माझ्याकडे ये. या मुलाला त्यानेच कामाला लावलं. आज मीटिंगला तोही आला होता, कामावरचाच शर्ट, हाताला गॅसचा वास. "आईवडील कोण?" असं त्यांनी विचारलं तेव्हा संतोष पुढे झाला आणि म्हणाला, "मी आहे. माझा नंबर लिहून घ्या." कुणीतरी हसलं. चोवीस वर्षांचा बाप कसा, म्हणून.

मी हसणाऱ्याकडे बघितलं नाही, नाहीतर तोंडातून काहीतरी गेलं असतं. मी संतोषच्या हाताकडे बघत होते. हातात त्याचं आधार कार्ड होतं, पुढे धरलेलं. दोन बोटांत कडेने धरलेलं. सगळं वाचता येईल असं.

मुलगा आज आमच्या हॉलमध्ये झोपलाय. चार-सहा दिवस राहील. त्यापुढे आमच्याकडे जमणार नाही, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत आणि रात्रपाळीच्या बाईंना तीच खोली लागते. ही माझी अडचण, ती लपवत नाही. मघाशी पाणी प्यायला उठले तर दिवा चालूच होता. घालवू का विचारायचं राहिलं म्हणून त्याने तसाच ठेवलेला. गादी दिली होती, पण तो तिच्या अगदी कडेला झोपलाय, आणि सॅकचा बंद मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला.

तर कात्रज, धनकवडी, बालाजीनगर, आंबेगाव या भागात कुणाकडे खोली असेल, नुसती कॉट असली तरी चालेल, तर मला इनबॉक्स करा. भाडं चार हजारांपर्यंत तो स्वतः देईल. डिपॉझिट मी भरते. तो सकाळी साडेपाचला उठतो, आवाज करत नाही, आंघोळीला एकच बादली घेतो. करारावर साक्षीदार म्हणून माझी सही घ्या. पालकांच्या जागी संतोषचा नंबर लिहा, तो उचलतो. आणि 'कायमचा पत्ता' या रकान्यात आमच्या घरचा पत्ता घाला. ह्यांना विचारलंय मी, ते हो म्हणालेत.